प्रसार भारतीस खुले पत्र : करमणुकीच्या शेजारी सेवेला जागा द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सदस्य, प्रसार भारती मंडळ, नवी दिल्ली;
तसेच दूरदर्शन सह्याद्री आणि महाराष्ट्रातील आकाशवाणी केंद्रांचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

आम्ही महाराष्ट्रात रेडिओ आणि टीव्हीसाठी लिहिणारी, निर्मिती आणि निवेदन करणारी, शेती-आरोग्याचा मजकूर तपासून देणारी माणसं आहोत. सार्वजनिक वाहिनीने मालिका आणि गाणी दाखवावीत की शेती, आरोग्य, शिक्षण दाखवावं, हा वाद आम्हाला मुळातच चुकीचा वाटतो. करमणूक कमी करा, अशी आमची मागणी नाही. लोकप्रिय कार्यक्रमाच्या अगदी लगत सेवेचा, म्हणजे शेती-आरोग्य-शिक्षणाचा, कार्यक्रम ठेवा. लोकप्रिय कार्यक्रमाच्या कमाईतला ठरलेला हिस्सा त्याच केंद्रात सेवेच्या कार्यक्रमावर खर्च करा. आणि सेवेच्या कार्यक्रमाचं यश टीआरपीने मोजणं थांबवा. या तीन गोष्टी एकत्र झाल्या नाहीत तर एकेकटीने काही साधणार नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

प्रसार भारती कायदा १९९० चा आणि महामंडळ प्रत्यक्षात आलं ते २३ नोव्हेंबर १९९७ रोजी. कायद्याच्या १२व्या कलमात माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही तिन्ही कामं एकाच वाक्यात आहेत. त्याखालच्या उद्दिष्टांत शेती, ग्रामविकास, पर्यावरण, आरोग्य, विज्ञान, साक्षरता, स्त्रिया, मुलं, वृद्ध, अपंग, कामगार, आदिवासी यांची नावं घेतलेली आहेत. मनोरंजन हे कायद्याने दिलेलं काम आहे, त्याबद्दल कोणी ओशाळायचं कारण नाही. पण जो घटक जाहिरातदाराच्या उपयोगाचा नाही, तो १२व्या कलमाच्या यादीत मुद्दाम लिहिलेला आहे, हेही विसरता येत नाही.

नुसती सेवा देऊन श्रोता टिकत नाही, हे आकाशवाणीने एकदा चांगलंच अनुभवलं आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. त्यांचा हेतू चांगला होता. शास्त्रीय आणि सुगम संगीताला त्या धोरणाने जे बळ दिलं, त्याचं ऋण आम्ही मानतो. पण श्रोत्याने रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. तिकडे बिनाका गीतमाला आणि अमीन सयानी होते. सुई वळली ती फक्त गाण्यांपुरती नाही वळली. त्याबरोबर बातम्या गेल्या, ग्रामीण कार्यक्रम गेले, सगळंच गेलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली ती त्यामुळे. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे लोकप्रिय कार्यक्रमातून सार्वजनिक प्रसारणाने पैसा मिळवायचा, हा प्रयोग महाराष्ट्राच्याच तीन केंद्रांतून सुरू झाला आहे.

त्याच काळात पुणे केंद्राने आणखी दोन गोष्टी केल्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, आठवड्याला एक गाणं या क्रमाने, माडगूळकर आणि फडके यांचं गीतरामायण प्रसारित झालं. जाहिरात नाही, प्रायोजक नाही, आणि त्याच्याइतकं लोकप्रिय मराठी प्रसारण दुसरं दाखवणं अवघड आहे. दुसरी गोष्ट आज कमी लोकांना आठवते. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांसाठी शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, दहा आठवडे. गावात वीसेक माणसं एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, लगेच चर्चा करत, प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवत, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं येत. ऐकणारी आणि न ऐकणारी गावं यांची तुलना करून पॉल न्यूरथ यांनी त्याचं मूल्यमापनही केलं, आणि मंडळं असलेल्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली. एकाच केंद्राने एकाच दोन-वर्षांत या दोन्ही गोष्टी केल्या. त्यातली एक करायची तर दुसरी सोडावी लागेल, असं तिथे कुणाला वाटलं नव्हतं.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा वाहिनी एकच होती. आमची माती आमची माणसं हा शेतीचा कार्यक्रम संपला की पुढे नाटक, गाणी किंवा बातम्या असत, आणि संच मधे बंद करण्याची सवय कुणाला नव्हती. शहरात वाढलेल्या कित्येकांना युरियाची मात्रा आणि करप्याचं नाव त्या कार्यक्रमामुळे ठाऊक झालं. तो प्रेक्षक बांधलेला होता, आज तो बांधलेला नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यातून निघणारं तत्त्व आजही तेच आहे: सेवेच्या कार्यक्रमाला प्रेक्षक त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कार्यक्रमातून मिळतो.

आज सार्वजनिक वाहिन्यांवर बहुधा काय घडतं? फिक्स्ड पॉइंट चार्ट, म्हणजे कार्यक्रमांच्या वेळांचा तक्ता, ठरताना रात्री सात ते दहाचे स्लॉट आधी प्रायोजित किंवा विकत दिलेल्या कार्यक्रमांना जातात. उरलेल्या वेळात सेवेचे कार्यक्रम बसवले जातात. दुपारी तीन, पहाटे सहा, रात्री अकरानंतर. त्या वेळी शेतकरी शेतात किंवा झोपेत, बाई कामावर, मूल शाळेत. मग प्रेक्षक नाही म्हणून प्रायोजक नाही, प्रायोजक नाही म्हणून बजेट नाही, बजेट नाही म्हणून स्टुडिओत दोन खुर्च्या, एक टेबल, एक तज्ज्ञ आणि पंचवीस मिनिटांची मुलाखत. ती कंटाळवाणी होते, आणि सहा महिन्यांनी तोच कार्यक्रम "याला मागणी नाही" असा शेरा घेऊन बंद होतो. दोष विषयाचा नसतो, त्याला दिलेल्या वेळेचा असतो.

यावर पहिला उपाय फुकटात होण्यासारखा आहे. केबल नियमांप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरातींना देता येतात, त्यातली २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातीसाठी. संध्याकाळी सात ते अकरा या चार तासांत ही आठ मिनिटं होतात. त्यातली निम्मी, म्हणजे चार मिनिटं सेवेच्या कार्यक्रमांना बांधून द्या. तीस सेकंदांचे आठ प्रोमो रोज. आज ही मिनिटं बहुतांशी लोकप्रिय मालिकांच्याच प्रोमोंना जातात. प्रोमोत कार्यक्रमाचं नाव आणि वेळ एवढंच सांगू नका. त्या भागातून प्रेक्षकाला नेमकं काय मिळणार ते सांगा: "घरचं सोयाबीन बियाणं उगवेल की नाही, हे सात दिवसांत घरीच कसं तपासायचं, उद्या साडेसहाला."

दुसरा उपाय तक्त्याचा. रोज किमान एक सेवेचा कार्यक्रम दोन लोकप्रिय कार्यक्रमांच्या मधोमध ठेवा आणि तो दहा ते बारा मिनिटांचाच करा. अर्ध्या तासाचा केला तर प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीवर जाऊन तिथली मालिका धरतो आणि परत येत नाही. बारा मिनिटांत तो थांबतो, कारण पुढचं हवं असतं. खासगी वाहिन्यांना २०२२ च्या अपलिंकिंग मार्गदर्शक तत्त्वांनुसार रोज तीस मिनिटं लोकहिताच्या विषयांना द्यावी लागतात, आणि मंत्रालयाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनेप्रमाणे मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात दाखवलेलं त्यात धरलं जात नाही. खासगी वाहिनीला हा नियम लागतो, तर सार्वजनिक वाहिनीने स्वतःला याहून कडक नियम लावून घ्यावा: तुमच्या सेवेच्या वेळातला किमान तिसरा हिस्सा संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊमध्ये असावा.

आता आशयाबद्दल. इथे आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण चांगल्या हेतूचे कार्यक्रम वाया जातात ते इथे.

सोयाबीनचंच उदाहरण घेऊ. उगवणशक्ती तपासण्याची पद्धत साधी आहे. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, गोणपाट ओलं राखायचं आणि सहा-सात दिवसांनी उगवलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलोच्या आसपास बियाणं पुरतं. साठच उगवले तर त्याच हिशेबाने पस्तीस किलो लागतं. त्याहून कमी असेल तर ते बियाणं पेरण्यात अर्थ नाही. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल न टाकता. एवढी माहिती सात मिनिटांत नीट दाखवता येते. पण ती १० ते १५ मेच्या दरम्यान दाखवली पाहिजे. तपासणीला आठवडा जातो, बियाणं नापास झालं तर दुसरं मिळवायला आणखी दोन आठवडे लागतात. मेच्या चौथ्या आठवड्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा दाखवावी, कारण विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात पाऊस एका दिवशी येत नाही. प्रत्यक्षात तज्ज्ञाची तारीख, स्टुडिओची तारीख, संकलनाची रांग असं करत "सोयाबीन लागवड तंत्रज्ञान" नावाची मुलाखत जूनच्या अखेरीला लागते. तोवर बियाणं जमिनीत गेलेलं असतं. त्या मुलाखतीत वाणांचा इतिहास दहा मिनिटं असतो आणि गोणपाटाचा उल्लेख एका वाक्यात.

म्हणून शेतीच्या कार्यक्रमांचं कॅलेंडर शेतातल्या कामाच्या तारखेवरून मागे मोजत बनवा. शेतकऱ्याला कृती करायची तारीख, त्याच्या तीन आठवडे आधी पहिलं प्रसारण, त्याच्या दोन आठवडे आधी चित्रण, त्याच्या एक आठवडा आधी कृषी विद्यापीठाकडून मजकूर तपासून घेणं. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली ही चार विद्यापीठं चार वेगळ्या हवामानांची आहेत. चौघांचा सल्ला एकाच भागात कोंबू नका. जुनं चित्रण पुन्हा वापरायला आमची हरकत नाही, उगवणशक्तीची चाचणी दरवर्षी तीच असते. पण कीटकनाशकाचं नाव किंवा मात्रा असलेला जुना भाग पुन्हा तपासल्याशिवाय लावू नका. शिफारशी बदलतात, काही औषधांवर बंदी येते, आणि पडद्यावरचं नाव वाचून माणूस दुकानात जातो.

बाजारभावांतही असंच. रेडिओवरून नुसता सर्वांत जास्त भाव सांगितला तर शेतकरी त्या आकड्यावर टेम्पो ठरवतो. तो भाव दोन-चार उत्तम ढिगांना मिळालेला असतो. आवक किती क्विंटल, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण भाव, हे चारही आकडे त्याच दिवसाचे द्या, आणि सर्वसाधारण भाव शेवटी पुन्हा एकदा सांगा. लासलगावचा कांद्याचा सर्वसाधारण भाव ज्याला कळतो, त्याला व्यापाऱ्याशी बोलताना काहीतरी हातात असतं. फोन नंबरचंही तेच. ऐकणाऱ्याच्या हातात पेन नसतं. नंबर येणार आहे हे आधी सांगा, दहा सेकंद थांबा, मग तुकड्या-तुकड्याने सांगा, आणि कार्यक्रमाच्या शेवटी परत सांगा. किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा नंबर एका दमात म्हटला की कुणाच्याही लक्षात राहत नाही.

करमणुकीतून सेवा करायची तर तिची शिस्त वेगळी असते. दूरदर्शनने ७ जुलै १९८४ रोजी हम लोग सुरू केली ती कुटुंबनियोजनाचा विचार मालिकेतून पोहोचवायचा म्हणून. सुरुवातीच्या भागांत उपदेश इतका होता की प्रेक्षकांनी नाराजी कळवली. उपदेश कमी करून घरातली भांडणं, स्वप्नं, व्यसन आणि लग्नं पुढे आणल्यावर मालिका देशभर गाजली. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलत, प्रश्न विचारत, आणि लोक पत्रं लिहीत. आमच्या आकाशवाणी मुंबईवर हे शहाणपण त्याच्याही आधीचं. पुन्हा प्रपंच या कौटुंबिक श्रुतिकेतले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, घरगुती गप्पांत रेशनपासून बचतीपर्यंत काय काय सांगून जात, आणि लोक ते हसत ऐकत.

याच मार्गाने आज सर्पदंश घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार जाती महाराष्ट्रभर सापडतात, आणि पावसाळ्यात शेतात, गोठ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश होतो. माणूस दगावतो तो बऱ्याचदा पहिल्या तासा-दोन तासांत चुकीच्या ठिकाणी नेल्यामुळे. सह्याद्रीवरच्या कौटुंबिक मालिकेत जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन मिनिटांचा एक प्रसंग हवा. दंश झालेला पाय फळीने आधार देऊन हलू न देणं, अंगठी-पैंजण काढणं, वेळ लक्षात ठेवणं, १०८ ला फोन, थेट प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय. घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, साप पकडत बसायचं नाही. मालिकेतला वडीलधारा माणूस मांत्रिकाकडे न्यायचा हट्ट धरतो, सून त्याला विरोध करते, ही ओढाताण खरी आहे आणि नाट्यही तिथेच आहे. मात्र डॉक्टरला पटकथा शेवटी दाखवली तर उपयोग नाही. तोवर चित्रण झालेलं असतं आणि बदल महाग पडतो. कथासूत्र एका पानाचं असतानाच डॉक्टर बसवा. कोकणात विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाच्या वापराने जे काम केलं, ते जगाने मानलं. असा माणूस आपल्या राज्यात आहे, आणि त्याच्या विषयावर एक चांगला नाट्यप्रसंग आपल्या पडद्यावर नसावा याचं आम्हाला वाईट वाटतं.

पैशाचं बोलू. केंद्राने मिळवलेला पैसा महामंडळाच्या मध्यवर्ती निधीत जातो आणि केंद्राला नेमून दिलेलं बजेट परत येतं. त्यामुळे लोकप्रिय कार्यक्रम आणणाऱ्या केंद्राला त्यातून सेवेचं काही करता येत नाही, आणि सेवेचा कार्यक्रम करणाऱ्याला आपण कोणावर तरी ओझं आहोत असं वाटत राहतं. आमची मागणी आहे की सह्याद्रीवरच्या प्रत्येक प्रायोजित कार्यक्रमाच्या निव्वळ उत्पन्नातला २० टक्के हिस्सा त्याच केंद्रात, सेवेच्या कार्यक्रमांच्या वेगळ्या खात्यात ठेवावा. यात नवीन तत्त्व काही नाही. २००७ च्या क्रीडा प्रसारण कायद्याने खासगी वाहिनीला राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो आणि टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५:२५ या प्रमाणात वाटलं जातं. क्रिकेटच्या पैशातला ठरलेला हिस्सा सार्वजनिक प्रसारकाकडे यावा हे संसदेने मान्य केलं आहे. त्या प्रसारकाच्या घरातही असाच हिस्सा ठरवावा. प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठीच्या बाइंड योजनेत २०२३ च्या जानेवारीत २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर झाले. ट्रान्समीटर, स्टुडिओ, इमारती हवेतच. पण सह्याद्रीसारख्या वाहिनीला एका सात मिनिटांच्या चांगल्या शेतीपटासाठी एक गाडी, दोन दिवस आणि तीन माणसं मिळत नसतील, तर नवीन कॅमेऱ्याने त्याच दोन खुर्च्या जास्त स्पष्ट दिसतील. सॅम पित्रोदा समितीने २०१४ च्या अहवालात आशयावरच्या खर्चाचा वाटा वाढवा असं सांगितलं होतं. तो वाटा महाराष्ट्रातल्या केंद्रांत आज किती आहे, हे दरवर्षी केंद्रनिहाय जाहीर करा.

मंत्रालयांच्या पैशातून होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पैसे विभागाचे असले की कार्यक्रम प्रश्नावरून योजनेकडे सरकतो. कुपोषणावरचा कार्यक्रम पोषण योजनेच्या लाभार्थ्याची मुलाखत होतो, आणि बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं काय, किती वेळा द्यायचं, ते राहून जातं. योजनेची माहिती लोकांना हवीच. ती जाहिरात म्हणून, तसं नाव देऊन दाखवा, आणि सेवेच्या मिनिटांत मोजू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या वेळेत आरोग्याचा कोणताही कार्यक्रम विकू नका. मधुमेह मुळापासून बरा करणारं चूर्ण सार्वजनिक वाहिनीवर दिसलं तर लोक त्याला सरकारी शिक्का समजतात. आठवडाभराच्या चांगल्या आरोग्य कार्यक्रमांनी मिळवलेला विश्वास अशा अर्ध्या तासात जातो.

मोजमापाचं गणित सोपं आहे. समजा मराठी भागात टीआरपी मोजायला तीन हजार घरांत मीटर बसवले आहेत आणि एखादा कार्यक्रम ०.२ टक्के घरांत पाहिला गेला. म्हणजे सहा घरं. गणपतीला त्यातली दोन घरं गावी गेली की प्रेक्षकसंख्या एक तृतीयांशाने कोसळली असा अहवाल येतो. एवढ्या लहान आकड्यावर कार्यक्रम ठेवायचा की काढायचा हे ठरवणं योग्य नाही. आकाशवाणीचा श्रोता संशोधन विभाग याच कामासाठी आहे. त्याला माणसं द्या. प्रसारणानंतर चार आठवड्यांनी दहा गावांतल्या प्रत्येकी वीस घरांत जाऊन तीनच प्रश्न विचारा: ऐकलं का, काय लक्षात राहिलं, काही केलं का? दोनशे घरांची ही पाहणी दोन माणसं दहा दिवसांत पूर्ण करू शकतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टीआरपी कधीच देऊ शकणार नाही. मालिकेला मात्र टीआरपी लावा, तिचं काम तेच आहे.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींचा (मीडियम वेव्ह) प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते आणि डोंगराआड सावली पडते. मध्यम लहर जमिनीलगत वळून जाते, म्हणून वेल्ह्याच्या किंवा पोलादपूरच्या खोऱ्यात ती पोहोचते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वीज आणि मोबाइल अनेक गावांत दिवसेंदिवस बंद होते. तिथे बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर हाच आधार. पण आणीबाणीत लोक ती वाहिनी लावतात जी ते एरवी ऐकतात. सकाळी आपली आवड हा गाण्यांचा कार्यक्रम लागत नसेल तर वादळाच्या रात्री कुणी ती सुई शोधणार नाही. लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम हा त्या अर्थाने आपत्ती-सेवेचाच भाग आहे, म्हणून मध्यम लहरीचा ट्रान्समीटर बंद करताना केवळ विजेचं बिल बघू नका. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय लोकांच्या विरोधानंतर थांबवावा लागला. सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं बातमीपत्र लोकांना किती हवं आहे, हे त्या वेळी दिसलं.

मुलांचा विषय थोडक्यात. २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर टिलीमिली ही पहिली ते आठवीची मालिका सुरू झाली आणि स्मार्टफोन नसलेल्या घरांत शाळा पोहोचली. साथ संपली म्हणून ती गरज संपली नाही. पुण्याची बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. मराठी मुलांसाठी मराठीत, मराठी मातीतलं रोज काही दाखवणारी जागा आता सह्याद्रीशिवाय फारशी उरलेली नाही. संध्याकाळी सहाचा अर्धा तास मुलांना द्या, आणि तो कुणालाही विकू नका. गोंडी, कोरकू, भिली, वारली या भाषांत चंद्रपूर, अमरावती, धुळे, नाशिक या केंद्रांवरून आठवड्याला किमान दोन तास, त्याच समाजातल्या निवेदकांच्या आवाजात, हवेत. भाषांतरित वाचन नको. गाणी आणि गप्पा आधी, मग लसीकरण. क्रम उलटा केला तर कुणी ऐकत नाही.

हे सगळं ज्यांच्याकडून करून घ्यायचं, त्या माणसांची स्थिती आपण जाणता. कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. हंगामी निवेदकाला महिन्याला सहाच ड्युट्या मिळतात. सहा दिवसांत गाव, पीक, माणसं ओळखीची होत नाहीत. ज्या केंद्रावर शेतीचा कार्यक्रम चांगला होतो, तिथे एखादा अधिकारी वर्षानुवर्षं त्याच विषयावर टिकलेला असतो. शेती, आरोग्य आणि मुलं या तीन विषयांसाठी प्रत्येक केंद्रात एक-एक माणूस किमान तीन वर्षं बदलीविना ठेवा.

आणखी एक. कायद्याच्या १४व्या कलमात प्रसारण परिषद आहे: राष्ट्रपतींनी नेमलेला अध्यक्ष, दहा सदस्य आणि चार खासदार, प्रसारणाबद्दलच्या तक्रारी ऐकणं हे तिचं काम. मदतीला प्रादेशिक परिषदा नेमण्याचीही तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या श्रोत्याला अशी परिषद काम करताना दिसलेली नाही. ती नेमण्यासाठी आपण सरकारकडे लेखी पाठपुरावा करावा आणि तोवर प्रत्येक केंद्राने तीन महिन्यांतून एकदा श्रोत्यांची खुली बैठक घ्यावी. बैठकीआधी पुढच्या तिमाहीचा फिक्स्ड पॉइंट चार्ट जाहीर करावा, त्यात प्रत्येक स्लॉटसमोर तो प्रायोजित आहे, विकत दिलेला आहे की केंद्राचा स्वतःचा आहे, हे लिहावं. मागच्या बैठकीत विचारलेल्या प्रश्नांचं काय झालं, हे आधी वाचून दाखवावं.

रब्बीचा तक्ता ठरायच्या आत सह्याद्री आणि पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी या केंद्रांत अशा बैठका बोलवाव्यात, ही विनंती. हरभरा, गहू, ज्वारी आणि कांदा या चार पिकांची प्रसारणाच्या तारखांसह कॅलेंडरं आणि सर्पदंश, विंचूदंश, उष्माघात या तीन विषयांची एकेका पानाची कथासूत्रं आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. ती तपासायला कृषी विद्यापीठाचा आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा एक-एक माणूस आपण नेमून द्यावा.

आपले,
महाराष्ट्रातील नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी काम करणारे लेखक, निर्माते, निवेदक आणि विषयतज्ज्ञ